पाटीवर तुझं नाव

पिंपळगाव रेणुकाई,
६ जुलै १९९७

गिरिजा,

वर काय लिहावं यातच माझी सकाळ गेली. 'सौ.' लिहिलं तर तू म्हणशील, आता आठवलं. न्हाई लिहिलं तर मामा म्हणतील, जावयाला रीतभात न्हाई. म्हणून नुसतं नाव लिहिलं. समजून घे.

इकडं सगळं ठीक हाय. मायचे गुडघे दुखतात पण तोंड बराबर चालू हाय. दुकान चांगलं चालून राह्यलं. पाटी परत रंगवून घेतली. 'गिरिजा मेडिकल अँड जनरल'. तुझं नाव आधी पिवळं होतं, आता लाल केलं, बसमधून उतरल्याबरोबर दिसतं. लग्न झाल्यावर महिन्याच्या आत पाटीवर बायकोचं नाव चढवणारा आख्ख्या भोकरदन तालुक्यात मी एकटाच असेन. हे तू तिकडं कुणाला सांगत नसशील, मला माहीत हाय.

तू चैत्रात गेलीस ती काहून गेलीस, असं लोक विचारतात. मी सांगतो, तिच्या मायची तब्येत बरी न्हाई. तूही तेच सांग. बोलाचाली कुठल्या घरात होत न्हाई? मी दुकानात चार माणसांपुढं काही बोललो असेन, तर धंद्याच्या गर्दीत माणूस बोलतो. ते एवढं मनाला लावून माहेरी जाऊन बसायचं असतं का? तुझं शिक्षण झालंय म्हणून तुला राग लवकर येतो, असं माय म्हणते. मी म्हणत न्हाई.

बरं, एक काम होतं. केमिस्ट असोसिएशनच्या माणसाचा निरोप आल्ता. या महिन्याच्या शेवटाला ड्रग इन्स्पेक्टर आपल्या भागात फिरणार. साहेब नवीन हाय, कडक हाय म्हणतात. दरवेळचं तुला माहीतच हाय. साहेब आले की मी घरी निरोप धाडायचा, तू पिठाचे हात धुऊन कोट घालून काउंटरला उभी राहायचीस, साहेबांनी भिंतीवरच्या सर्टिफिकेटवरचा फोटो बघायचा, मंग तुझं तोंड बघायचं, एखादा प्रश्न विचारायचा, तू फटकन उत्तर द्यायचंस. चहा पिऊन साहेब गेले की तू घरी. बस, एवढंच. दोन दिवसांसाठी ये. मामा एसटीत कंडक्टर, तुला गाडीची काय चिंता. तुझा कोट मायनं धुऊन दुकानातल्या खिळ्याला टांगलाय. नीळ जरा जास्त पडली.

तुझी आठवण येते हेही लिहायचं होतं. ते वरच लिहायला पायजे होतं, राहून गेलं.

मच्छिंद्र

*

पिंपळगाव रेणुकाई,
२ ऑगस्ट १९९७

गिरिजा,

तुझं कार्ड मिळालं. आधी पोस्टमननं वाचलं, मंग मला दिलं. 'माझं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, डिप्लोमा आणि मार्कमेमो रजिस्टर पोस्टानं पाठवा. जालन्यात मला काम मिळतंय. साहेबांना खरं काय ते सांगा.' बस. नमस्कार न्हाई, माय कशी हाय हे न्हाई.

साहेब येऊन गेले. मी शटर ओढून आत बसून राह्यलो. बाहेरून एक म्हातारी शटर वाजवत होती, सुनेच्या पोटात दुखतंय म्हणत होती. साहेबांची जीप समोरच उभी होती, मी कसा उघडणार? गोळ्यांचे खोके मांडीवर घेऊन चोरासारखं आपल्याच दुकानात बसायचं, हे कुणामुळं, ते तूच ठरव.

कागदांचं म्हणशील तर ते सापडून न्हाई राह्यले. दुकानाला रंग देताना भिंतीवरून उतरवले, मायनं कुठं ठेवले तिला आठवत न्हाई. घरात उंदीर झालेत. मी बघतो, पण माझ्या भरवशावर कुणाला काम कबूल करू नको.

आणि तुला काम कशाला पायजे? तुझ्या नावाचं दुकान इथं उभं हाय. मामा लग्न ठरवायला आल्ते तवा त्यांनी एकच गोष्ट विचारली होती. पोरगी फार्मसी शिकलीय, तिला दुकानात बसवाल ना? मी म्हणालो, दुकान तिचंच हाय. मंग पाटी लावलीच की न्हाई? आता गावात दिवसभर बायकोला काउंटरला उभी करायची म्हणजे मायला पटत न्हाई, भावकीला पटत न्हाई. त्याला मी एकटा काय करू? ज्याचं मेडिकल असतं त्याला फार्मसी झालेली पोरगी बघतात, सगळा जिल्हा बघतो. त्यातली किती काउंटरला दिसतात तुला?

एक गोष्ट मात्र मला खरंच सहन होत न्हाई. तू दोन वर्षं औरंगाबादला कॉलेज केलंस, सिव्हिल हॉस्पिटलात पाचशे तास ट्रेनिंग केलंस, मुंबईला कौन्सिलमध्ये नाव लागलं. कबूल. पण मी बारावी सायन्सला केमिस्ट्रीत नापास झालो तवापासून काउंटरला उभा हाय. ज्यांच्या हाताखाली जालन्यात शिकलो त्या रामकिसन काकांचं नाव जुन्या काळी नुसत्या अनुभवावर रजिस्टरला लागलं. मी विचारायला गेल्तो तर म्हणाले, बाबा, तो दरवाजा कधीचाच बंद झाला. आता आधी बारावी सायन्स पास, मंग दोन वर्षं डिप्लोमा, मंग ट्रेनिंग, मंग नाव. मला औषधांची नावं तुझ्याहून जास्त पाठ हायेत. लोक मला डाक्टर म्हणतात. तुला कुणी म्हणलं का?

राग धरू नको. कालच फ्रेमची काच पुसली. फोटोत तू लै बारीक दिसतेस.

मच्छिंद्र

*

पिंपळगाव रेणुकाई,
१९ सप्टेंबर १९९७

गिरिजा,

हे पत्र पोस्टात टाकलं न्हाई. जालन्याच्या गाडीच्या कंडक्टरकडं देऊन राह्यलो, म्हणालो डेपोत पुंजाराम मामांच्याच हातात द्या. आज संध्याकाळी मिळेल, न्हाईतर उद्या सकाळी.

मागच्या कार्डात तू लिहिलंस, 'उंदरांनी खाल्लेल्या कागदाची काच कशी पुसली?' त्यावर नंतर बोलू. आता वेगळंच विचारायचं हाय.

माझा एक मित्र हाय, सिल्लोडकडं त्याचं मेडिकल हाय. तुला माहीत न्हाई तो. त्याच्याकडं लहान लेकरांचं तापाचं सिरप संपल्तं. डॉक्टरच्या चिठ्ठीवर सिरपच होतं, एक चमचा, दिवसातून तीनदा. त्यानं त्याच औषधाचे थेंब दिले, ती छोटी बाटली असते ती. नाव तेच, कंपनी तीच, रंगही तोच. सांगितलं की चमचाभरच द्या. बाटली छोटी म्हणून एकदम दोन दिल्या. लेकरू वर्षाचं हाय. दोन दिवस तसंच दिलं. आता ते उलट्या करून राह्यलं आणि सुस्त पडलंय. त्याची आजी तिसरी बाटली मागायला आल्ती, तवा मित्राच्या ध्यानात आलं, काहीतरी चुकलं. तो म्हणाला, औषध बंद करा. काहून बंद करा, ते त्यानं सांगितलं न्हाई.

यात काही काळजीचं असतं का? का आपोआप उतरतं? त्या लेकराला साखरपाणी द्यायला सांगितलंय मित्रानं. बराबर हाय का?

फोनच करणार होतो. पण देवानंदच्या एसटीडी बूथवर कायम चार माणसं बसलेली असतात, आणि तो फोन लावून देऊन बाहेर जात न्हाई, तिथंच कान देऊन बसतो.

तू थेंबांच्या बाटल्या सिरपपासून काढून वरच्या फळीवर ठेवायचीस आणि त्या फळीला लाल नाडा बांधायचीस. ते काहून बांधायचीस, हे मी तुला कधी विचारलंच न्हाई.

जल्दी कळव. मित्र लै घाबरलाय.

मच्छिंद्र

*

औरंगाबाद, घाटी दवाखाना,
२३ सप्टेंबर १९९७

गिरिजा,

लेकरू जगलं. हे आधी लिहितो, म्हणजे बाकीचं वाचताना तुझा जीव टांगणीला राहू नये.

तुझा फोन आला तवा देवानंद मला बोलवायला पळत आल्ता. एसटीडीत ती चार माणसं होतीच. तू म्हणालीस, 'तुमच्या मित्राचं नाव मला माहीत हाय. लेकराला आत्ताच्या आत्ता औरंगाबादला न्या. दोन्ही बाटल्या सोबत न्या, आणि डॉक्टरला किती चमचे गेले ते खरं सांगा. एवढं एक खरं सांगा.' मंग फोन ठेवलास. देवानंद म्हणाला, वहिनी काय म्हणतात? मी म्हणालो, जीप बघ.

लेकरू म्हणजे धनगरवाड्यातल्या आसराबाईचा नातू. तिच्या पोराचं, म्हस्कूचं पहिलं पोरगं. आसराबाई कधी आपल्या दुकानातून रिकाम्या हातानं गेली न्हाई, साध्या खोकल्याला पण म्हणायची, डाक्टर तुमच्याच हातचं द्या. मी जीप घेऊन त्यांच्या दारात गेलो तर म्हातारी म्हणाली, देवासारखा आलास बाबा. त्या वाक्यावर मी जीपमधून उतरायला पायजे होतं आणि तिथंच सांगायला पायजे होतं. मी म्हणालो, जल्दी बसा.

इथं डॉक्टरनं बाटल्या हातात घेतल्या. तवा म्हस्कू केसपेपर काढायला खिडकीवर गेल्ता आणि म्हातारी लेकराजवळ होती, म्हणून मला बोलता आलं. सांगितलं सगळं. डॉक्टर पोरगेलासाच हाय. त्यानं विचारलं, तुम्ही फार्मासिस्ट का? मी म्हणालो, न्हाई. मंग दुकानात कोण हाय फार्मासिस्ट? मी म्हणालो, माझी बायको. मंग ती कुठं होती? गिरिजा, आजवर इन्स्पेक्टरनं विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तू देत आलीस. हे एकच मला विचारलं आणि मला येत न्हवतं.

तो म्हणाला, थेंबांचं औषध चौपट दाट असतं, तान्ह्या लेकराच्या पोटात थोडंच जावं म्हणून. या बाटलीतला एक चमचा म्हणजे सिरपचे चार. त्यात लिव्हर जातं. म्हणून थेंबांच्या बाटलीसोबत काचेची नळी असते. ती नळी मी खोक्यासकट काढून ठेवली होती, खोकं जागा खातं म्हणून.

तीन दिवस उतारा चढवला. रोज रक्त तपासत होते. मी व्हरांड्यात बसून राह्यलो, कारण आत गेलो की म्हस्कूची बायको माझ्याकडं हात जोडून बघायची. आज सकाळी लेकरानं भाकरीचा तुकडा मागितला.

आता चैत्रातलं. मला वाटलं होतं तुला ते विसरायला लावता येईल, म्हणून पहिल्या पत्रात 'बोलाचाली' असं लिहिलं. साहेब येऊन गेले होते. तू कोट काढला न्हाईस. एका बाईला थेंब कसे मोजायचे ते तू नळीनं पाण्यात दाखवत होतीस, मागं गर्दी झाली, लोक हसत होते. मी म्हणालो, साहेब गेले, आता नाटक बंद कर, कोट काढ आणि भाकरीकडं बघ. आणि तू ऐकलं न्हाईस म्हणून कात्री घेऊन सगळ्यांसमोर तुझा लाल नाडा कापला. बाटल्या परत सिरपच्या शेजारी लावल्या. एका रांगेत छान दिसतात, म्हणालो. त्याच रांगेतून मी आसराबाईला बाटली काढून दिली. मी तुझा नाडा कापला नसता तर माझा हात तिथं गेलाच नसता.

मला लाज वाटते. दुसरा शब्द सापडत न्हाई.

मच्छिंद्र

*

पिंपळगाव रेणुकाई,
२४ ऑक्टोबर १९९७

गिरिजा,

तुझ्या कार्डावर एकच ओळ होती. 'आसराबाईला सांगितलं का?'

न्हाई सांगितलं. घाटीत डॉक्टरला सांगितलं तेवढ्यावर मी सुटलो असं समजून बसलो होतो. घरच्यांना म्हणालो होतो, औषध मानवलं न्हाई. त्यांनी ते मानलं. आणि परत आल्यापासून म्हातारी गावभर सांगत फिरून राह्यली, डाक्टरनं जीप करून नेलं म्हणून पोरगं वाचलं. दुकानात लोक येऊन माझ्या पाठीवर हात ठेवायचे. माय सुद्धा म्हणाली, बघ, पुण्य कामाला आलं. दसऱ्याच्या दिवशी आसराबाई सोनं द्यायला आली, तिच्या हातात काळी घोंगडी होती, घरच्या लोकरीची, नवी कोरी. माझ्या खांद्यावर टाकली. म्हणाली, तुझ्यासाठीच विणून घेतली. मी ती घेतली. घेतली गिरिजा, आणि वर चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी तुझं कार्ड आलं.

मी दोन दिवस टाळलं. ताप आला म्हणून दुकान बंद ठेवलं, ताप न्हवता. मंग तिसऱ्या दिवशी घोंगडी हातावर टाकली, एक सिरपची बाटली, एक थेंबांची, चमचा आणि नळी पिशवीत घातली आणि धनगरवाड्यात गेलो. तू त्या बाईला दाखवत होतीस तसंच दाखवायचं ठरवलं, कारण मला नुसतं बोलून सांगता आलं नसतं. मेंढरं बाहेर गेल्ती. म्हस्कू घरीच होता. म्हातारी म्हणाली, बस की डाक्टर. मी बसलो न्हाई. वाटीत पाणी घेतलं, नळीनं थेंब टाकून दाखवले, म्हणालो, तुमच्या पोराला एवढं द्यायचं होतं. मंग चमचा भरला. म्हणालो, मी एवढं द्यायला सांगितलं. चुकून न्हाई, मला माहीतच न्हवतं. मी शिकलेलो न्हाई. शिकलेली होती तिला मी घरात बसवलं. आणि तुम्ही तिसरी बाटली मागायला आल्ता तवा मला कळलं होतं, तरी एक अख्खा दिवस मी तोंड उघडलं न्हाई.

म्हातारीला एका दमात समजलं. मला वाटत होतं समजावून सांगावं लागेल. म्हस्कूनं काठी उचलली. आसराबाई म्हणाली, राहू दे. पोरगं जितं हाय म्हणून राहू दे. मंग ती उठली, माझ्या हातावरची घोंगडी काढून घेतली, घडी केली आणि आत नेऊन ठेवली. बाहेर आलीच न्हाई. कुणी पाणी विचारलं न्हाई.

येताना लेकरू उंबऱ्यावर बसलं होतं. माझ्याकडं बघून हसलं. पुढं बांधाला टेकून रडलो.

सोबत रजिस्टर पार्सल हाय. रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, डिप्लोमा, मार्कमेमो. फ्रेमसकट पाठवणार होतो, पण काच फुटेल म्हणून कागद काढून घेतले. सगळे धड हायेत. उंदीर कधी न्हवतेच. तुझा कोटही घातलाय, नीळ दोनदा धुऊनही गेली न्हाई, त्याला माफ कर.

दुकानाचं लायसन जालन्याला जाऊन परत करून आलो. साहेबांना खरं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, असे फार थोडे येतात. माय दोन दिवस जेवली न्हाई, म्हणते बायकोच्या कागदासाठी घराचा धंदा बुडवला. पाटी उतरवायला माणूस बोलावला होता, पण तो वर चढला तवा म्हणालो, राहू दे, मी उतरवतो. तुझं नाव माझ्या हातानं चढवलं होतं. माझ्याच हातानं खाली घेतलं.

परत ये असं या पत्रात लिहिणार न्हाई. लिहायचा अधिकार राह्यला न्हाई.

मच्छिंद्र

*

(पोस्टकार्ड)
भोकरदन, १० जून १९९९

गिरिजा,

बारावी सायन्सला परत नाव घातलं होतं. कुणाला सांगितलं न्हवतं, नापास झालो तर हसं होईल म्हणून. वर्गातली पोरं मला काका म्हणायची, प्रॅक्टिकलचे सर पण एकदा चुकून काका म्हणाले. पास झालो. केमिस्ट्रीत काठावर. डिप्लोमाला अर्ज केलाय. पोस्टमन, तुम्ही वाचून राह्यलात हे मला माहीत हाय, तुम्हालाही नमस्कार.

मच्छिंद्र

*

औरंगाबाद,
८ जुलै २००१

श्रीमती गिरिजाबाई,
नोंदणीकृत फार्मासिस्ट, जुना जालना
यांना,

अर्ज करतो की, मी खाली सही करणार मच्छिंद्र, डी.फार्म. दुसऱ्या वर्षाची परीक्षा पास झालो असून, आता नियमाप्रमाणे नोंदणीकृत फार्मासिस्टच्या हाताखाली पाचशे तासांचं ट्रेनिंग करायचं आहे. तरी आपल्या दुकानात मला ट्रेनिंगसाठी घ्यावं, ही विनंती.

एवढ्यावर थांबणार होतो. अर्जाची भाषा मला जमते, कॉलेजनं शिकवली. पण तुला माहीत हाय, मला एका कागदावर थांबता येत न्हाई.

ट्रेनिंगला जागा न्हाई असं न्हाई. आमच्या वर्गातली निम्मी पोरं घरी बसून राह्यलीत. ओळखीच्या मेडिकलवाल्यानं सही शिक्का मारून दिला की झालं, उभं राहायची गरज न्हाई. रामकिसन काकांच्या पोरानं मलाही सांगितलं, या काका, कागद घेऊन जा, बाकी कशाला त्रास. त्याच्या हातात पेन होता. मी कागद काढून घेतला आणि बाहेर आलो. शिकलो तर पुस्तकातलं शिकलो, काउंटरवरचं सगळं मला उलटं शिकावं लागणार हाय. माझा हात अजून रांगेतली जवळची बाटली उचलतो. ते सवयीनं जातं, आणि सवय मोडायला कुणीतरी शेजारी उभं पायजे, हातावर मारणारं.

गेल्या शनिवारी मी जुन्या जालन्यात आल्तो. तुझ्या दुकानासमोर धान्याच्या दुकानांची रांग हाय, तिथं पोत्यांच्या आडून बघत होतो. लपून बघायची माझी खोड गेली न्हाई, हेही कबूल. पाटी बघितली. नुसतं 'मेडिकल स्टोअर्स' लिहिलंय, तुझं नाव कुठंच न्हाई. आणि तू आत होतीस. कोट घालून. भिंतीवरच्या फोटोखालीच उभी होतीस, कुणी बोलावून आणल्यासारखी न्हाई. मागं लोक घाई करत होते, एक जण म्हणाला, बाई जल्दी करा, ऑटो उभा हाय. तू त्याच्याकडं बघितलंही न्हाईस. पुढच्या बाईला पाण्यात थेंब मोजून दाखवत होतीस. वरच्या फळीला लाल नाडा होता.

रांगेत आसराबाई होती. पिंपळगावाहून दोन गाड्या बदलून येते, हे मला बसस्टँडवर कळलं. तिथं ती भेटली होती, सोबत तो नातू होता. आता शाळेत जातो म्हणे. मी नमस्कार केला. ती मला डाक्टर म्हणाली न्हाई, नावानं हाक मारली. मी विचारलं, कुठं चाललात? ती म्हणाली, गिरिजाबाईकडं. एवढ्या लांब? तर म्हणाली, ती वाटीत दाखवून देते.

आपल्या दोघांचं काय, हे मी या पत्रात विचारत न्हाई. सोडचिठ्ठी तू मागितली न्हाईस, मी दिली न्हाई, ते तसंच राहू दे, तुला वाटेल तवा तू बोल. मी नवरा म्हणून येत न्हाई. रोज सकाळी तू शटर उघडायच्या आधी बाहेर उभा राहीन आणि तू म्हणशील तवा जाईन. मामांच्या घरी येणार न्हाई, रामकिसन काकांच्या गोडाऊनवर झोपायची सोय केलीय. सुरुवातीला काउंटरला उभं करू नको. मागं खोकी फोडायला दे, तारखा बघायला दे. खोक्यातली एकही नळी फेकणार न्हाई. तासांचा हिशोब तूच ठेव, आणि मला येत न्हाई असं वाटलं तर सही करू नको. नियमानं तेवढे तास म्हणजे कमीत कमी, असं सरांनी सांगितलंय. मला जास्त लागतील.

इन्स्पेक्टर साहेब आले तर मला बोलवायला कुणाला धाडावं लागणार न्हाई. मी तिथंच असेन.

एकच विनंती हाय. आसराबाई आली की तिचं औषध तूच दे. मी मागून बाटली काढून तुझ्या हातात ठेवीन, तू बघून घे, मंग तिला दे. कधी तिला वाटलं, की आता याच्या हातचं चालेल, तर ते तिनं सांगावं. तू तिला सुचवू नको, मीही विचारणार न्हाई.

उत्तर कार्डावर पाठवलंस तरी चालेल. हो किंवा न्हाई, एवढंच लिही.

मच्छिंद्र